अकरा पानांचा अहवाल

आमच्या जावयांना, ज्ञानेशरावांना, कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही. नळ गळायला लागला तर माणूस वायसर बदलतो. हे आधी नळावर वाचन करतात. दोन दिवस वाचतात, मग हत्यारांचा डबा मागवतात, मग डब्यातल्या हत्यारांवर वाचतात, आणि तोवर माझी लेक रेवती प्लंबरला फोन करून मोकळी झालेली असते. मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला राहायला आले होते, तेव्हा हा माणूस मी पहिल्यांदा जवळून पाहिला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण पुण्यात जावई म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा. श्रीखंड खातो, पाया पडतो, जातो. इथे तो सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर!

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर रेवती माझ्याशी बोलणार नाही. निगडीत वाढलेला, आईवडील दोघेही शिक्षक, शाळेपासून पहिला नंबर. तिथेच सगळा घोळ झाला असणार. ज्याला जन्मभर पेपरात पैकीच्या पैकी मिळाले, त्याला वाटतं जग म्हणजे पेपरच, अभ्यास केला की सुटतो. डब्लिनच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतात. तीन दिवस घरून, दोन दिवस गाडीने. घरून काम असलं की कानाला ते यंत्र लावून खोलीभर फेऱ्या मारतात आणि समोरच्याला सांगतात, "लेट्स टेक अ स्टेप बॅक." मागे मात्र कधी सरकत नाहीत.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. रेवतीही आता प्रेसच म्हणते, "आई, डाळ वरच्या प्रेसमध्ये आहे." तर जिन्याखालच्या मोठ्या प्रेसमध्ये जावयांचे जुने छंद कोंबून ठेवलेत. पाव भाजायची बिडाची भांडी आहेत. मधमाश्या पाळायचा पांढरा झगा आहे, जाळीच्या टोपीसकट. मधमाशी एकही आली नाही. एक दुर्बीण आहे, तारे बघायची. या देशात आभाळ दिसतं कुठे? वर्षातले दहा महिने ढगच बघायचे, त्याला दुर्बीण कशाला हवी? प्रत्येक छंदाचं सगळं सामान आधी येतं, आणि सामान येऊन संपलं की छंदही संपतो.

त्यातला ताजा छंद नेमबाजी. पिस्तुलाची.

आता इथे पिस्तूल मिळवणं म्हणजे बाजारातून भाजी आणणं नव्हे. क्लबात नाव घाला, शिका, ओळखीचे दोन जामीन द्या, घरात अलार्म बसवा, भिंतीत बोल्ट मारून पोलादी तिजोरी ठोका, मग गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येऊन ती तिजोरी हलवून बघणार. एवढं करून मिळतं काय, तर पॉइंट टू टूचं पिस्तूल, एका वेळी पाच काडतुसं बसतील असं. जावयांनी दोन वर्षं खपून हे केलं, आणि मी मान्य करते, चिकाटी आहे. ती तिजोरी उघडताना ते मला खोलीबाहेर उभं करायचे. नियमच आहे म्हणे. म्हटलं ठीक आहे, बाबा, मी काय तुमचं पिस्तूल पळवून नेणार आहे का?

आणि आता माझं सांगते, कारण मला कुणी विचारत नाही.

मी सुहासिनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. छोट्या काडतुसांच्या विभागात. समोर पोलादाचा ठोकळा, त्यात बरोबर मापाचं भोक, त्याला गेज म्हणायचं. काडतूस सोडायचं. सुळकन गेलं तर पास, अडलं तर रिजेक्ट. दिवसाला हजारो. पाच-सहा वर्षांत असं होतं की गेजमध्ये सोडायच्या आधीच बोटांना कळतं. काडतूस उचललं की अंगठा सांगतो, हे जायचं नाही. मी खोक्यांमागून खोकी रिजेक्ट केली आहेत आणि मोठमोठ्या साहेबांची तोंडं बघितली आहेत. एकदाही माझा शिक्का चुकीचा निघाला नाही.

आमचे जावई मित्रांना माझी ओळख करून देतात, "या रेवतीच्या आई. गव्हर्नमेंट सर्व्हिसमध्ये होत्या. ॲडमिन." ॲडमिन! आठ वर्षांत या माणसाने एकदाही विचारलं नाही की आई, तुम्ही तिथे नेमकं काय करायचात. रेवती एकदा सांगायला गेली, तर यांना फोन आला. मग मीही ठरवलं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी पण काही कमी हट्टी नाही.

मला विचारलं ते नोएलने.

सप्टेंबरात एका रविवारी जावई आम्हा दोघींना क्लब दाखवायला घेऊन गेले. तासभर लांब, जिथे शेतं संपून जळाऊ मातीचा तपकिरी दलदलीचा माळ सुरू होतो, तिथे. पत्र्याच्या दोन शेड, मातीचा उंच बांध, एक छोटी खोली. या सगळ्याची व्यवस्था बघणारा नोएल. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर त्या मातीच्या खाणीतली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. हाताची नखं अजून काळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. क्लबची काडतुसं त्याच्याच ताब्यात, नव्या लोकांना शिकवायचं त्यानेच. जावयांनाही त्यानेच शिकवलं, त्यांच्या अर्जावर जामीन म्हणून सहीसुद्धा त्याचीच. बायको गेल्यापासून आठवड्यातले पाच दिवस तो इथेच असतो, असं रेवतीने मला गाडीत सांगितलं होतं.

त्याने चहा दिला, खुर्ची पुसून दिली आणि माझ्या साडीकडे न बघता मला विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. फॅक्टरी. काडतूस. चेकिंग. थर्टी वन इयर्स. त्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली हो! खरंच काढली. मग आत जाऊन एक काडतूस आणलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "बघा बरं, कसं आहे?" मी अंगठ्याने फिरवून बघितलं. म्हटलं, "गुड. पास." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'इन्स्पेक्टर'. रेवती कधी क्लबात गेली की तिला विचारायचा, इन्स्पेक्टर बऱ्या आहेत ना?

जावई तेव्हा कुठे होते? बाहेर स्वतःच्या उभं राहण्याच्या पद्धतीचा व्हिडिओ काढत होते.

मग आला दसरा. आदल्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रांची पूजा. सकाळीच जावई उत्साहात, "आई, यंदा आपल्याकडे खरं शस्त्र आहे!" कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं होतं, दुसरं काय. पाट मांडला, त्यावर रेवतीची चांगली ओढणी. पिस्तूल रिकामं करून, तपासून ठेवलं. मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची ती चपटी नळी, काढून शेजारी आडवी. यांच्याकडे मॅगझीन एकच. मग फुलं इकडून तिकडे, दिवा तिकडून इकडे, खिडकीचा पडदा उघडा, पडदा बंद. हळदकुंकू वाहिलं तर म्हणाले, थांबा, फोकस गेला, परत वाहा. अक्षता वाहिल्या तर म्हणाले, "आई, जरा वरून टाका ना. स्लो मोशनमध्ये छान येतं."

माझं डोकं सणकलं. गॅसवर वरण होतं, कंबर दुखत होती, आणि हा माणूस देवाच्या कामाचा सिनेमा करतो! तेलाच्या हाताने कुंकवात भिजवलेली मूठभर अक्षत घेतली आणि हातभर उंचीवरून दिली फेकून. घ्या म्हटलं, काय ते स्लो मोशन. जावई खूश. व्हिडिओला चाळीस लोकांनी हात जोडले म्हणे. मग पिस्तूल कापडाने वरवर पुसलं आणि तिजोरीत गेलं.

पुढच्याच रविवारी जावई तोंड पाडून घरी आले. पिस्तूल अडकत होतं. पहिलं काडतूस जातं, दुसरं जातं, तिसरं नाक खाली घालून मध्येच अडतं. कधी चौथं. पुढच्या रविवारी तेच.

आता शहाणा माणूस काय करेल? ज्याने शिकवलं त्याला विचारेल. नोएलने आपण होऊन फोनवर सांगितलंसुद्धा, मॅगझीन सोडवून साफ कर. जावयांनी काय केलं? चष्म्याचं मऊ फडकं घेतलं, मॅगझीन बाहेरून चकचकीत पुसलं आणि म्हणाले, "मॅगझीन इज रूल्ड आउट." आणि बसले वाचायला.

अमेरिकेत म्हणे लोक घरच्या गॅरेजमध्ये स्वतः काडतुसं भरतात. रिकामं पितळ घ्यायचं, दारू मोजून घालायची, वर शिसं दाबून बसवायचं. नवशिक्यांची भरलेली काडतुसं पिस्तुलात अडकतात, मग ते रडतात, आणि त्यांना दुसरे सल्ले देतात. लांबी मोज, तोंड नीट दाब, शिसं किती आत गेलंय बघ. जावयांनी दोन आठवडे हे असले सल्ले वाचले. अहो पण ती त्यांची घरी भरलेली! इथे घरच्या घरी असलं काही करू देत नाहीत, आणि हे पॉइंट टू टू तर कारखान्यातून बंद होऊन येतं, ते कुणी घरी भरतच नाही. दुसऱ्याच्या आजाराची औषधं हा माणूस पोथीसारखी वाचत होता.

मग डिजिटल व्हर्नियर, म्हणजे लांबी-जाडी मोजायचं यंत्र, आला. जेवणाच्या टेबलावर नोएलकडून आणलेली दोनशे काडतुसं मांडली, प्रत्येकाला नंबर. एकेक मोजायचं, एक्सेलमध्ये घालायचं. आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. "आई, प्लीज हलवू नका हं, सिक्वेन्स आहे." एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी एक उचललं. अंगठ्याने फिरवलं. मग दुसरं, तिसरं, दहावं. एकाहून एक. खडकीत असती तर डोळे मिटून पास केली असती मी.

"यात शून्य पॉइंट शून्य तीनचा फरक आहे," जावई परत येऊन गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्या फरकाने काही अडत नाही हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण मला कुणी विचारलं होतं का? ॲडमिन ना मी! मी आत गेले, खिचडी ढवळत मनात म्हटलं, बसा मोजत.

ऑक्टोबर संपता संपता निष्कर्ष निघाला. दोष काडतुसांचा. का? तर नोएल ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो आणि शेडला ओल आहे. अकरा पानांचा अहवाल तयार झाला. रंगीत आलेख, बाण, तक्ते, आणि नवव्या पानावर नोएलच्या शेडच्या भिंतीचा फोटो, ओलीचा डाग लाल गोल करून. हे सगळं क्लबच्या कमिटीला पाठवायचं.

रेवतीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "ज्ञानेश, अरे त्याने तुला शिकवलंय."

"इट्स नॉट पर्सनल. डेटा बोलतोय."

"आधी त्याच्याशी बोल तरी."

"बोलण्यासारखं काय आहे? सगळं लिहिलंय."

मी तिथेच होते, मटार सोलत. मी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. काडतुसं चांगली आहेत, ज्ञानेशराव, मी एकतीस वर्षं हेच केलंय, मॅगझीन उघडून बघा. एवढंच. पण माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. म्हटलं, पाठवू दे. सगळ्यांसमोर तोंडावर आपटू दे एकदा. पहिल्या नंबराला कळू दे नापास होणं काय असतं. त्यांनी बटण दाबलं आणि मी शेंगा सोलत राहिले.

चार दिवसांनी रेवती हॉस्पिटलमधून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, क्लबमधल्या एकीचा गुडघा तिच्याकडे असतो, तिच्याकडून कळलं. कमिटीने नोएलला पत्र दिलं होतं. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, काडतुसांची जबाबदारी काढून घेत आहोत, शनिवारच्या बैठकीत किल्ल्या जमा कराव्यात. आणि त्या वेड्याने वादसुद्धा घातला नाही. म्हणाला, पोरगा शिकलेला आहे, बरोबर असेल, भिंतीला ओल आहे खरी. तीन दिवस एकटा सगळी खोकी बाहेर काढून भिंत खरवडत बसला होता.

जावयाने आपटायचं होतं, आपटला भलताच माणूस. ज्याने मला टोपी काढून खुर्ची दिली होती, तोच.

शनिवारी रेवतीची ड्यूटी होती. मी साडी नेसून गाडीत जाऊन बसले. जावई म्हणाले, "आई, बोअर व्हाल. ऑफिशियल मीटिंग आहे."

"होईन बोअर. चला."

वाटेत मी शेवटी तोंड उघडलं. "ज्ञानेशराव, काडतुसं चांगली आहेत. मी हातात घेऊन बघितली आहेत."

"आई, हे हाताने नाही कळत हो. मायक्रॉनचा विषय आहे." आणि इंडिकेटर देऊन गाडी वळवली. त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

खोलीत पाच माणसं होती. मध्ये एक टेबल, त्यावर जावयांचा अहवाल, छापून, चांगला पिना मारून. अध्यक्ष एक बाई, पन्नाशीच्या. नोएल दाढी करून आला होता, गळ्यात टाय बांधला होता. मला बघून म्हणाला, "इन्स्पेक्टर," आणि कसनुसं हसला. मग त्याने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. सगळे त्या अकरा पानांकडे बघत होते.

मी उठले. इंग्रजी आठवेना, तरी उठले. "ओपन मॅगझीन," म्हटलं. "फर्स्ट, ओपन मॅगझीन."

"आई, प्लीज," जावई दबक्या आवाजात म्हणाले. "मी ते रूल आउट केलंय."

"उघडलंत का?"

"बाहेरून पूर्ण..."

"उघडलंत का, ज्ञानेशराव?"

माझा आवाज चढला होता. अध्यक्षबाईंना मराठी कळली नसेल, पण आवाज कळला. त्या म्हणाल्या, बघूया की, काय हरकत आहे. जावयांनी पेटीतून मॅगझीन काढून दिलं. नोएलने समोर वर्तमानपत्र पसरलं, बुडाची पट्टी काळ्या नखाने मागे ढकलली आणि आतली स्प्रिंग हळूच ओढून काढली. मग मॅगझीन उलटं करून टेबलावर टकटक केलं. मी हाताची घडी घालून उभी होते. मनातल्या मनात शिक्का उचलून तयार होते. आता कळेल म्हटलं, ॲडमिन कोण ते.

कागदावर तांदळाचे दोन दाणे पडले. लाल. त्यांच्या मागोमाग तेलकट काळपट-लाल चिखलाचा एक गोळा.

खोलीतले सगळे वाकून बघत होते. "हे काय आहे बरं?" अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या खोलीत दोनच माणसांना ते ओळखता येत होतं.

मॅगझीनच्या बाजूला एक चीर असते. आत स्प्रिंगवर बसलेली पट्टी काडतुसं वर ढकलते, तिचं बटण त्या चिरेतून सरकतं. त्या चिरेतून दाणे आत गेले होते. पट्टी तिथेच अडत होती, म्हणून तिसरं काडतूस पुरेसं वर येत नव्हतं. एवढा साधा मामला. खडकीला खंडेनवमीला आमचे चार्जमन राजाभाऊ सकाळी सगळ्यात आधी चिंध्यांची पिशवी घेऊन फिरायचे. प्रत्येक गेजच्या भोकावर चिंधी, प्रत्येक नळीच्या तोंडावर चिंधी, मगच हळदकुंकू. म्हणायचे, "पूजा बाहेरून. आत जायची देवालासुद्धा परवानगी नाही." एकतीस वर्षं मी स्वतः चिंध्या बांधल्या. आणि इथे? इथे जावयाचं खेळणं, त्याला कसली चिंधी बांधायची, म्हणून दिली अक्षत भिरकावून. माझ्या हाताने. रागाच्या भरात. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते केलं, आणि वर महिनाभर स्वयंपाकघरात उभी राहून या माणसाला हसत होते!

मी जावयांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता सांगतील म्हटलं, सासूबाईंनी केलं. सांगायलाच हवं होतं, खरंच होतं ते.

जावई उभे राहिले आणि म्हणाले, "इट वॉज मी." आमच्याकडे एक पूजा असते, मी केली, माझी चूक आहे, काडतुसांचा काही दोष नाही, अहवाल मी मागे घेतो. नोएलकडे वळून म्हणाले, "आय ॲम सो सॉरी, नोएल." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

हा माणूस मला वाचवत होता! ज्याला मी नापास करायला निघाले होते तो. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी पुढे झाले, त्यांच्या हातातला फोन घेतला आणि खुणेने सांगितलं, तो व्हिडिओ लावा. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, "लावा." त्यांनी लावला. मी फोन नोएलच्या समोर ठेवला.

हळूहळू, अगदी सावकाश, एक हात वर जातो. माझ्या हिरव्या बांगड्या दिसतात, मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसतो. मूठ उघडते आणि लाल दाणे खाली पडायला लागतात. काही पिस्तुलावर, काही ओढणीवर. दोन-तीन बरोबर त्या आडव्या मॅगझीनवर पडून दिसेनासे होतात. जावई म्हणाले होते ते खरं, स्लो मोशनमध्ये छान आलं होतं.

"माय हँड," मी म्हटलं. "नॉट हिम. इन्स्पेक्टर, रिजेक्ट."

नोएलने व्हिडिओ दोनदा बघितला. हसला नाही. माझा हात त्याने एकदा थोपटला, बस. अध्यक्षबाईंनी घाईघाईने किल्ल्यांचा जुडगा उचलून त्याच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "चला, मिटलं म्हणायचं. नोएल, घे बाबा."

नोएलने किल्ल्यांकडे बघितलं. मग त्या पिना मारलेल्या कागदांकडे. म्हणाला, "नको. राहू देत." आवाज अजिबात चढवला नाही. "तुम्ही सगळ्यांनी अकरा पानं वाचलीत. मी चाळीस पावलांवर त्या शेडमध्ये होतो. एकाने येऊन मला विचारलं नाही." आणि टोपी घातली. दारात थांबून जावयांना म्हणाला, "मॅगझीनला तेल कमी लाव." मग म्हणाला, "ग्रँड," आणि गेला. इथे हे लोक काहीही झालं तरी ग्रँडच म्हणतात. बाहेर त्याची जुनी गाडी दोनदा खोकून सुरू झाल्याचा आवाज आला.

किल्ल्या टेबलावर तशाच पडून होत्या. त्या कुणी घ्यायच्या यावर कमिटीचं हळू आवाजात बोलणं सुरू झालं. आम्ही निघालो.

माळ संपला, शेतं सुरू झाली, पाऊस भुरभुरायला लागला. जावयांनी वायपर लावला. मग समोर बघतच म्हणाले, "आई, तुम्ही 'इन्स्पेक्टर' का म्हणालात? तुम्ही खडकीला नेमकं काय करायचात?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. त्याचं उत्तर मी किती वेळा मनात घोळवून ठेवलं होतं, अगदी ठसक्यात द्यायचं म्हणून.

"तपासनीस होते," मी म्हटलं.

"काय तपासायचात?"

"काडतुसं. एकतीस वर्षं."

गाडीचा वेग कमी झाला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. जावयांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. रागावलेले नव्हते. खरंच कळत नव्हतं त्यांना.

"म्हणजे मी टेबलावर बसून मोजत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मेल पाठवला तेव्हासुद्धा?"

"हो."

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. पोर्टलीश यायला अजून वीस मिनिटं होती.